काटा मोडल्यावर शरीरात काय होतं?

यावल-रावेरच्या केळीत असो की अमळनेरकडच्या कपाशीत, पायात बाभळीचा काटा मोडणं नेहमीचंच. रात्री ठणका लागतो, जागा लाल होऊन गरम लागते, पुढे पू धरतो आणि जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते. दुखतं खरं, पण यातला बराचसा भाग जंतूंचा नसून आपल्या शरीराच्या प्रतिकाराचा असतो.

विषाणू पेशीत शिरून वाढतात. काट्याबरोबर आत गेलेले पू करणारे जंतू मात्र बहुतेक पेशींबाहेरच, ऊतींमधल्या द्रवात वाढतात. त्यामुळे त्यांना तिथेच गाठता येतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनं जंतूंच्या अंगावर चिकटतात आणि अशी खूण झालेला जंतू न्यूट्रोफिल चटकन गिळतात. पू म्हणजे मुख्यतः या लढाईत मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच.

हे पहिल्यांदा उलगडलं तेही काट्यामुळेच. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशी जमलेल्या! 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं.

जांघेतल्या त्या सुजलेल्या गाठीत बी-पेशी या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढत असतात. त्यांच्यापासून प्रतिपिंडं नावाची प्रथिनं तयार होतात. नव्या जंतूसाठी याला आठवडाभर तरी लागतो. ही प्रतिपिंडं जंतूला चिकटून त्याला गिळणं सोपं करतात, शिवाय जंतूंचं विषही निकामी करतात.

धनुर्वातात हे विषच घातक. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते रुजतात. जंतू तिथेच राहतात, विष मात्र मज्जातंतूंतून वर चढतं. एकदा ते मज्जातंतूत शिरलं की प्रतिपिंडांना सापडत नाही. आणि जीव घ्यायला ते इतकं थोडं पुरतं की तेवढ्यानं प्रतिकारशक्ती जागीच होत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते. शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. लशीत असतं ते निर्विष केलेलं विष. त्यामुळे प्रतिपिंडं आधीच रक्तात तयार असतात.

गरोदरपणी लस घेतली तर आईची प्रतिपिंडं वारेतून बाळालाही मिळतात. भारतात माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, त्यात या लशीचा वाटा मोठा आहे.