बारा बोर आणि तीनशे पंधरा: आकडा मोठा, नळी लहान

खंडेनवमीला आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी पाटावर लाल कापड घालतात. त्यावर तलवार, शेजारी आजोबांची दुनाली (दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक), झेंडूचं फूल. यंदा चुलत्यांची तीनशे पंधरा रायफलही पूजेला होती. भाच्याने विचारलं, "मामा, ही बारा बोर, ती तीनशे पंधरा बोर. मग तिचं भोक केवढं असेल! म्हणून ती महाग का?"

ग्वाल्हेरात हा गैरसमज मोठ्या माणसांनाही असतो. घरोघरी लायसन आहे, पण आकड्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक. म्हणून दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री केली, दुनाली सांध्यातून उघडली, रायफलचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढला आणि नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या. दुनालीत अंगठा जाईल एवढं भोक, आत आरशासारखं गुळगुळीत. रायफलीत जेमतेम पेन्सिल शिरेल, आणि आत गोल फिरत गेलेल्या खाचा.

'बारा' हे माप नाही, ती मोजणी आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोर. गोळी साधारण ३८ ग्रॅमची, नळी साधारण १८.५ मिलिमीटरची. म्हणूनच १६ बोर बारापेक्षा अरुंद. तीनशे पंधरा मात्र सरळ माप आहे: इंचाच्या हजार भागांपैकी ३१५, म्हणजे ८ मिलिमीटर. आधीचं दशांश चिन्ह बोलताना गळतं आणि सगळा घोटाळा होतो. (.४१० ही छर्ऱ्याची बंदूक असूनही तिचा आकडा इंचातलाच, हा एक अपवाद.)

किंमत भोकाच्या मापावर ठरत नाही. बारा बोरचं काडतूस पुष्कळ छर्रे कमी दाबाने ढकलतं, त्यामुळे पातळ नळी पुरते. तीनशे पंधराच्या काडतुसात दाब कित्येक पट जास्त. नळी जाड आणि चांगल्या पोलादाची लागते, बोल्टची पकड घट्ट लागते, आणि त्या खाचा अचूक कापाव्या लागतात. खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. पैसा या कामाचा आहे. तसं नामांकित इंग्रजी कारागिराची हातघडणीची दुनाली किमतीत कोणत्याही साध्या रायफलीला मागे टाकते, कारण दोन नळ्या एकाच ठिकाणी मारा करतील अशा जुळवणं हीच मोठी कला.

आता .३१५ आणि .३२ पाहा. दोन्ही भोकं जवळपास सारखीच. पण एक खांद्याला लावायची रायफल, दुसरं कमरेचं रिव्हॉल्वर. रायफलच्या काडतुसाचा पितळी खोका ५० मिलिमीटर लांब, रिव्हॉल्वरचा त्याच्या निम्म्याहून कमी. तरी रिव्हॉल्वर स्वस्त नाही. कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्वर २०१४ मध्ये आलं तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होतं. फिरणारं चक्र दर वेळी नळीसमोर अचूक थांबायला हवं, आणि सगळं अर्ध्या किलोत बसवायचं.

आणि किमतीचं सगळ्यात मोठं कारण कायदा. सैन्याची काडतुसं लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी .३०३ खासगी वापरातून काढली, आणि बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची .३१५ घरोघर पोचली. .३०३ आजही 'प्रतिबंधित बोर'मध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहसा न मिळणाऱ्या शस्त्रांत आहे. विदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८०च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून जुन्या विलायती .३२ पिस्तुलाचे भाव मूळ किमतीशी नातं तोडून बसलेत. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे घेणारा आधी कोणती जागा कशाने भरायची याचा विचार करतो.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगेन. .३२ रिव्हॉल्वरचं आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस एक नाही. नुसता 'बत्तीस' म्हणून व्यवहार करू नका. नळीवर कोरलेलं नाव वाचा, लायसनवरची नोंद त्याच्याशी ताडून पाहा.

शेवटी भाच्याच्या तळहातावर तीनशे पंधराच्या काडतुसाचा रिकामा पितळी खोका ठेवला. बूड उजेडात फिरवून तो वाचू लागला: '८ एमएम, केएफ'. केएफ म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकीची फॅक्टरी. त्याने खोका पुन्हा फिरवला, तीनशे पंधरा शोधत. ते त्यावर कुठेच नव्हतं.