मधूनच लागणारा चार्जिंगचा दिवा : दोष अल्टरनेटरचा की जोडणीचा?

ओतूरहून कांदा भरून माळशेज घाटाने कल्याणकडे निघालेल्या एखाद्या पिकअपच्या मीटरमध्ये बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा खड्ड्यात चाक आदळताच लागतो, चार-पाच सेकंदांत विझतो आणि पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर पुन्हा दिसत नाही. दुसऱ्या पिकअपमध्ये तोच दिवा भर दुपारी, दोन तास गाडी चालून इंजिन चांगले तापल्यावर, टोलनाक्याच्या रांगेत मिणमिणू लागतो. दोन्ही चालक गॅरेजमध्ये ‘चार्जिंगचा दिवा मधूनच लागतो’ एवढेच सांगतात आणि दोघांनाही पुष्कळदा ‘डायनामो गेला’ हेच उत्तर मिळते. डायनामो म्हणजे अल्टरनेटर, इंजिनाच्या पट्ट्याने फिरून वीज तयार करणारे आणि बॅटरी भरणारे यंत्र. माझ्या मते पहिल्या गाडीचा दोष आधी तारांच्या जोडणीत शोधला पाहिजे आणि दुसरीचा अल्टरनेटरच्या पोटात. हा फरक न पाहता चांगला अल्टरनेटर काढून नवा बसवला, तर मालकाचे काही हजार रुपये जातात आणि पुढच्याच खेपेला दिवा पुन्हा लागतो.

हा दिवा बॅटरीची प्रकृती दाखवत नाही, हे आधी स्पष्ट असावे. साध्या बल्बच्या पद्धतीत दिव्याच्या एका टोकाला किल्लीतून बॅटरीचा दाब (व्होल्टेज) मिळतो आणि दुसरे टोक बारीक तारेने अल्टरनेटरला जोडलेले असते. किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, अल्टरनेटरकडच्या टोकाला दाब नसतो. त्यामुळे दिव्यातून प्रवाह वाहतो, दिवा लागतो आणि तोच प्रवाह अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत पहिले चुंबकत्व निर्माण करतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकांचा दाब जवळजवळ सारखा होतो आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा फक्त दोन टोकांमधला फरक दाखवतो. तो फरक अल्टरनेटरने वीज कमी दिल्यामुळे पडला की मधल्या एखाद्या सांध्याने दाब खाल्ल्यामुळे, हे त्याला सांगता येत नाही. दोन दोषांची गल्लत होण्याचे मूळ इथे आहे.

अंधारात जेमतेम दिसणारा मंद उजेड तर या दोन्ही दोषांचा असू शकतो. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) निकामी झाला तर दिव्याकडच्या टोकाचा दाब किंचित घसरतो आणि दिवा मंद लागतो. उलट, अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तारेचे थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) गंजले असेल, तर अल्टरनेटर आपल्या जागी साडेचौदा व्होल्ट देत असूनही बॅटरीपाशी साडेबाराच पोहोचतात, आणि या दोन व्होल्टांच्या फरकाने साधा बल्ब उलट दिशेनेही अंधुक पेटतो. केवळ दिवा पाहून निदान करणाऱ्या जाणत्या माणसाचीही इथे चूक होऊ शकते.

म्हणून दिवा केव्हा लागतो याची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. जोडणीचा दोष हादऱ्याशी बांधलेला असतो: खड्डा, गतिरोधक, गिअर टाकताना इंजिनाला बसणारा झटका, किंवा पावसात भिजलेले कनेक्टर. सैल टर्मिनल, पांढऱ्या-हिरव्या भुकटीने खाल्लेले थिंबल, इंजिन आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांना जोडणारी तुटत आलेली अर्थिंगची पट्टी, इंजिनाला घासून उघडी पडलेली दिव्याची तार, ही त्याची नेहमीची ठिकाणे. अल्टरनेटरच्या आतला दोष मात्र उष्णतेशी आणि इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो. झिजून आखूड झालेले कार्बन (फिरत्या गुंडाळीला वीज पोहोचवणारे ब्रश) सुरुवातीला स्लिप रिंगवर, म्हणजे गुंडाळीबरोबर फिरणाऱ्या धातूच्या कड्यांवर, नीट टेकतात, पुढे संपर्क सोडतात. तापलेला रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवणारा भाग) काम थांबवतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू करतो. आयडलिंगला (गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना) दिवा लागतो आणि थोडी रेस केल्यावर विझतो, अशी तक्रार असेल तर संशय आतल्या दोषाकडे वळवावा. तसेच अल्टरनेटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर दिवा विझला तर कार्बन संपत आल्याची शक्यता मोठी असते.

फेऱ्यांवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तपासलाच पाहिजे, कारण ढिला किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरला की लक्षणे हुबेहूब कमजोर अल्टरनेटरची दिसतात. सकाळी गाडी सुरू करताना, हेडलाइट लावल्यावर किंवा पाण्यातून गेल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आणि त्याच वेळी दिवा, ही जोडी पट्ट्याकडे बोट दाखवते.

यानंतर मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतात आणि 12.2 म्हणजे ती निम्म्यावर आलेली असते. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. दोन दोष वेगळे करणारी खरी मोजणी मात्र दाब कुठे पडतो ही आहे. इंजिन मिनिटाला सुमारे 2000 फेऱ्यांवर ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत. मीटरची एक सळई अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर, थेट शिशाच्या खुंटीवर, टेकवावी. 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर त्या तारेत किंवा तिच्या सांध्यांत दोष आहे. तीच मोजणी अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीची ऋण खुंटी यांच्यात करावी, तिथे 0.2 व्होल्टपेक्षा अधिक आल्यास अर्थिंग सुधारावे. ही मोजणी चालू असताना सहकाऱ्याला तारा एकेक करून हलवायला सांगितले, तर मधूनच संपर्क सोडणारा सांधा बहुधा सापडतो. फिरणाऱ्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात मात्र दूर ठेवावेत. दोन्ही आकडे निर्दोष असून बॅटरीवरचा दाब दिवा लागताच साडेबाराकडे घसरत असेल, तर दोष आत आहे. मीटर एसी व्होल्ट मोजण्यावर ठेवून बॅटरीच्या टोकांवर अर्ध्या व्होल्टहून जास्त लहर (दाबातला चढ-उतार) दिसली, तर डायोडवर संशय पक्का होतो.

दिवा गॅरेजमध्ये लागतच नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणून 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर चालकापुढे लावून ठेवावा. तो वायरिंगमुळे किंचित कमी दाखवतो, तरी दिवा लागला त्या क्षणी आकडा 14 वर टिकून होता की 12 वर आला होता, एवढे कळले तरी पुरते. दिव्याची तार केवळ दिव्यापुरतीच असलेल्या गाडीत, दिवा लागलेला आणि आकडा 14 वरच, असे असेल तर तीच तार कुठेतरी इंजिनाला टेकत असावी.

2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटरला आदेश इंजिनाचा संगणक देतो आणि इंधन वाचवण्यासाठी दाब मुद्दाम 13 च्या आसपास उतरवतो. तिथे एका आकड्यावरून दोष ठरवू नये. त्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड स्कॅनर जोडून पाहावेत.

एक रीत मात्र ताबडतोब बंद व्हायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘गाडी बंद पडली तर डायनामो खराब’ असा निवाडा आजही केला जातो. तार सुटताच अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो आणि धडधाकट डायोड, रेग्युलेटर, कधी इंजिनाचा संगणकही जळतो. जोडणीचा छोटा दोष घेऊन आलेली गाडी अल्टरनेटरचा दोष घेऊन परत जाते.

दिवा लागून विझतच नसेल तर निदान नंतर करावे. काही इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतो. पट्टा तुटला तर अशा गाडीत थोड्याच वेळात ब्रेकचे पेडल जड होते, आणि भरलेली गाडी घाट उतरत असताना हे प्राणाशी गाठ घालणारे आहे. गाडी लगेच सुरक्षित जागी उभी करावी. याच पंपातून गळणारे तेल कार्बनवर उतरून आतला दोष निर्माण करते, तेव्हा नवे कार्बन बसवण्यापूर्वी तेलाची गळती थांबवावी.

दुरुस्तीनंतर दिवा विझलेला राहिला तरी किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, तो लागतो का हे पाहावे. बल्ब उडालेला असेल किंवा त्याची तार तुटलेली असेल तर दिवा कधीच लागणार नाही, आणि काही गाड्यांत त्या बल्बच्या प्रवाहावाचून अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही.