शिशावरची मळी कोण उचलतं?

बेळगाव परिसरात ओतकाम नवीन नाही. उद्यमबागेतल्या ओतशाळांत बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस चौदाशे अंशांच्या आसपास ओतला जातो. तिकडे कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठांवर जाळ्याला लावायची शिशाची वजनं घरच्या घरी ओतता येतात. त्याला एक लोखंडी कढई, गॅसची शेगडी आणि भंगारातलं शिसं पुरतं. बीड आणि शिसं, दोन्हीकडे एक सवय सारखीच दिसते. रसावर राखाडी थर आला की तो झाऱ्याने उचलायचा आणि "मळ निघाला" म्हणत फेकून द्यायचा.

बिडाच्या बाबतीत हे बरोबर आहे. शिशाच्या बाबतीत मात्र तुम्ही बहुतेक वेळा शिसंच फेकत असता. या लेखाचा विषय तोच राखाडी थर आहे.

आधी जुनं शिसं कुठून येतं ते पाहू. चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं, जुन्या केबलचं आवरण, हातजुळणीच्या छापखान्यांतले खिळे (धातूची अक्षरं) हे नेहमीचे प्रकार. अमेरिकेसारख्या देशांत आणखी एक मोठा स्रोत आहे. नेमबाजीच्या रेंजवर निशाण्यामागच्या मातीच्या बांधात रुतलेल्या गोळ्या चाळून काढतात, वितळवतात आणि शौकीन लोक त्यांतून पुन्हा गोळ्या ओततात. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. लष्कराच्या फायरिंग रेंजच्या हद्दीत भंगार वेचायला जाणं हा गुन्हा आहे, आणि न फुटलेला बॉम्ब हाती लागला तर जिवावर बेततं. तरीही रेंजच्या शिशाकडे धातू म्हणून पाहण्यासारखं आहे, कारण मिश्र भंगाराचा तो उत्तम नमुना आहे. त्यात .२२ बोअरच्या गोळीचं जवळपास शुद्ध, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ शिसं असतं. तांब्याचं कवच असलेल्या गोळ्यांचा गाभा असतो, अँटिमनी हा दुसरा धातू घातलेलं कडक शिसं असतं. शिवाय माती, वाळू आणि पावसात भिजून आलेली कार्बोनेटची पांढरी बुरशीसारखी पुटं असतात. सगळं एकाच कढईत पडतं.

शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याला उष्णता किती कमी लागते याचा अंदाज सहसा नसतो. एक किलो शिसं ३० अंशांपासून ३७० अंशांपर्यंत नेऊन पूर्ण वितळवायला सुमारे ६७ किलोज्यूल लागतात. एक लिटर पाणी त्याच ३० अंशांपासून उकळीपर्यंत आणायला २९० किलोज्यूलहून जास्त लागतात. म्हणजे चहाचं आधण येण्याआधी शिशाचा रस तयार होतो, आणि लक्ष नसेल तर तो पाचशेच्याही पुढे जातो. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न जाता थर्मोकपल (तपमान मोजणारं साधन) वापरा आणि रस ३५० ते ३८० अंशांत ठेवा.

भंगार नेहमी थंड कढईत घालून मग शेगडी पेटवायची. वितळलेल्या रसात ओला तुकडा टाकला तर पाण्याची वाफ होते. उकळबिंदूलाच वाफेची जागा पाण्याच्या सुमारे १७०० पट असते, रसाच्या तपमानाला त्याहूनही जास्त. ती वाफ रसाखाली तयार होते आणि कढईतलं शिसं छतापर्यंत उडवते. कवचबंद तुकड्याच्या पोकळीत पाणी अडकलेलं बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो सगळ्यात फसवा. लोखंडाची कढई चालते, कारण लोखंड शिशात जवळपास विरघळत नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं तापून मऊ पडतं आणि वजनाने तळ सोडतं. ते वापरूच नये.

शिसं वितळलं की तांब्याची कवचं, लोखंडाच्या क्लिपा आणि वाळू आपोआप वर तरंगतात. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६, लोखंडाची ७.८७. हा कचरा खुशाल उचला. त्यानंतर जो मऊ, राखाडी, दुधाच्या सायीसारखा थर उरतो, तिथे थांबा.

या सायीबद्दल एक समज पक्का बसलेला आहे: शिसं जड म्हणून खाली बसतं, कथील आणि अँटिमनी हलके म्हणून वर येतात, आणि तेच वर दिसतात. हे चूक आहे. पूर्ण वितळलेल्या शिशात कथील आणि अँटिमनी विरघळलेले असतात. चहात विरघळलेली साखर तास उलटला तरी तळाशी वेगळी होत नाही, तसंच हे. अपवाद एकच. छापखान्याच्या खिळ्यांसारखा भरपूर अँटिमनी असलेला धातू पूर्ण न वितळता खिचडीसारखा असेल, तेव्हा अँटिमनीचे घन स्फटिक खरोखर तरंगतात. शिसं आणि अँटिमनीचा सगळ्यात कमी तपमानाला वितळणारा मेळ ११.१ टक्के अँटिमनीला, २५२ अंशांवर जमतो. त्याहून जास्त अँटिमनी असेल तर थंड होताना जादा अँटिमनी आधी गोठतो. त्या अवस्थेत झारा मारला तर महाग घटक फेकला जातो. रस आणखी तापवा, स्फटिक पुन्हा विरघळतात.

मग साय कशाची असते? ऑक्साइडची, आणि त्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांत अडकलेल्या धातूच्या थेंबांची. रस हवेला लागला की वर पातळ कातडी धरते. तुम्ही ढवळता, ती मोडते, घडी पडते, घडीत रस अडकतो, मोकळ्या जागी नवी कातडी येते. पाच-दहा वेळा असं झालं की पुरणपोळीच्या पदरांसारखा थर तयार होतो, आणि पदरांमध्ये पुरणाच्या जागी चक्क शिसं असतं. शिवाय जे ऑक्साइड झालं तेही हलक्या किमतीचं नाही. लेड ऑक्साइडचं वजन केलं तर दर किलोमागे ९२८ ग्रॅम शिसंच भरतं.

ते परत कसं मिळवायचं? शाळेच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या ठोकळ्यावर लेड ऑक्साइड तापवून चकचकीत मणी काढल्याचं आठवतं का? तेच इथे करायचं. कार्बन हा लेड ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि शिसं मोकळं होतं. हिशेबाने एक किलो लेड ऑक्साइडला २७ ग्रॅम कार्बन पुरतो.

पण कार्बन कोणाकडून ऑक्सिजन ओढू शकतो आणि कोणाकडून नाही, हा यातला सगळ्यात सुंदर भाग आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये धातूंच्या ऑक्सिजन-ओढीचा तपमानानुसार आलेख मांडला. त्याची एक शिडी समजा. सुमारे ३७० अंशांवर सगळ्यात वर, म्हणजे ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारे, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम. त्यांच्याखाली जस्त, मग कथील. खालच्या टोकाला अँटिमनी, शिसं, तांबं. कार्बनची पायरी बरोबर कथील आणि अँटिमनी यांच्या मधोमध येते. जो आपल्या खालच्या पायरीवर आहे, त्याच्याकडूनच ऑक्सिजन हिसकावता येतो. म्हणजे लाकडाच्या भुशाचा कोळसा शिसं आणि अँटिमनी परत देतो, आणि कॅल्शियम, ॲल्युमिनियम, जस्त यांची ऑक्साइडं मळीतच सोडतो. एका मूठभर भुशात परतफेड आणि गाळणी ही दोन्ही कामं होतात.

कथिलाचं काय? त्याचं ऑक्साइड कार्बनला वश व्हायला ६०० अंशांच्या वर जावं लागतं, आणि तिथे शिसं नेणं मूर्खपणाचं आहे. त्यामुळे "मेण टाकलं की कथील परत येतं" हे अर्धसत्य आहे. पदरांत अडकलेल्या थेंबांमधलं कथील परत येतं. ऑक्साइड झालेलं गेलं. ते वाचवायचा उपाय आधीचा आहे: तपमान कमी ठेवा, उगाच ढवळू नका, रसावर भुशाच्या कोळशाचा थर राहू द्या.

कल्हईवाला नवसागर शिंपडतो तेव्हा तोही ऑक्साइडच काढत असतो, पण आम्लाने. शिशाच्या कढईत नवसागर टाकू नका. त्याचा पांढरा धूर घशात जातो आणि शिशाचं क्लोराइड तयार होतं.

कृती अशी. पाच किलो रसावर एक वाटी कोरडा भुसा पसरा. प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. भुसा काळा पडू द्या. धूर निघू लागला की लांब काडीने पेटवा, म्हणजे धूर जळून जातो. मग लोखंडी पळीने कढईचे काठ आणि तळ खरवडत, थर रसात दाबत पाच मिनिटं चालवा. शेवटी पावट्याच्या दाण्याएवढं मेण टाका. त्याचा भडका उडतो, म्हणून चेहरा मागे ठेवा. साय फुटून थेंब एकमेकांत मिसळतात आणि वर कोरडी, तपकिरी-काळी भुकटी उरते. ती खरी मळी. पळीत घेतल्यावर ती हलकी लागली तर काम झालं. जड लागली तर अजून शिसं आहे, पुन्हा भुसा घाला.

जस्ताची एक अडचण आहे. चाकांची काही वजनं जस्ताची असतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळतं, त्यामुळे रस ३८० च्या आत असेल तर ती तुकड्यांच्या रूपातच तरंगतात आणि उचलता येतात. तपमान चढून जस्त रसात उतरलं की रस पिठल्यासारखा घट्ट होतो, साच्याचे कोपरे भरत नाहीत. ओळख सोपी: संडास साफ करायच्या आम्लाचा थेंब गार तुकड्यावर टाका, जस्तावर फसफस होते, शिशावर होत नाही.

गाडीच्या बॅटरीतलं शिसं घरी वितळवू नका. आम्ल तर आहेच, शिवाय तिच्या प्लेटांत अँटिमनी, आर्सेनिक आणि कॅल्शियम असतात. अशा मळीला ओल लागली की स्टिबिन आणि आर्सिन हे अत्यंत विषारी वायू निघू शकतात.

ओतकाम करणाऱ्यांत "गूळ खाल्ला, दूध प्यायलं की शिसं उतरतं" असं सांगतात. उतरत नाही. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शरीर शिसं जास्त शोषतं, एवढंच त्यात तथ्य आहे. रक्तात गेलेलं शिसं हाडांत बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. नागभस्माबद्दलही हेच: नाग म्हणजे शिसं, आणि कितीही पुटं दिली, म्हणजे कितीही वेळा भट्टीत तापवलं, तरी अग्नीने संयुग बदलतं, मूलद्रव्य बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. लहान मुलं गिळलेल्या शिशातलं ४० ते ५० टक्के शोषू शकतात, मोठी माणसं सुमारे १० टक्के.

धोका मुख्यतः वाफेचा नसतो. शिसं उकळतं १७४९ अंशांना, ३७० ला त्याची वाफ नगण्य असते. धोका असतो त्या कोरड्या भुकटीचा, जी बोटांना लागते, नंतर भाकरीला. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा. ही कढई-पळी स्वयंपाकघरात परत न्यायची नाही. कामात तंबाखू नाही, चहा नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही. कपडे वेगळे धुवा. भुकटी उचलताना सुका झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, पण फडकं कढईपासून लांब ठेवा. उरलेली मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कोरड्या जागी, "शिसं, विषारी" असं लिहून ठेवा. डबा भरला की शिसं पुन्हा गाळणाऱ्या परवानाधारक कारखान्याला द्या. तिथल्या भट्टीत तपमान तुमच्या कढईपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि जे कथील तुमच्या भुशाने दिलं नाही, तेही तिथे परत मिळवता येतं.