बडोद्याची मोफत शाळा आणि कराचा हिशेब

पैसेवाल्यांकडून घेतलेला कर गरिबाच्या घरी पोचतो की नाही, हे नुसत्या कराच्या दरावरून कळत नाही. तो पैसा पुढे कशावर खर्च झाला, तेही बघावं लागतं. बडोद्यात हा हिशेब सव्वाशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता. सयाजीराव महाराजांची जयंती आपण हौसेने करतो, पण त्यांच्या कारभाराची ही बाजू फारशी कुणी सांगत नाही.

१८८१ मध्ये महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले, तेव्हा संस्थानाचं मुख्य उत्पन्न शेतसाऱ्याचं होतं. त्याशिवाय धंद्यांवर आणि जातवार लावलेले तऱ्हेतऱ्हेचे वेरे, म्हणजे कर, होते. वेरा धंदा बघायचा, ऐपत बघायचा नाही. पुढे हे वेरे हळूहळू काढून प्राप्तिकर आणला. त्याला किमान उत्पन्नाची मर्यादा असल्याने हातावर पोट असणारे त्यातून सुटले. ब्रिटिश मुलखातल्या जबर शेतसाऱ्यावर टीका करणारे रमेशचंद्र दत्त यांना महाराजांनी १९०४ मध्ये महसूल खात्यासाठी बोलावून घेतलं.

खर्चाची बाजू त्याहून मोलाची. अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. फी नव्हती, पण ढोरांमागे जाणारा पोरगा वर्गात बसला की घरातले दोन हात कमी व्हायचे, आणि गैरहजेरीबद्दल दंड पालकांना. म्हणजे फुकट शाळेचीही किंमत गरीब घर मोजत होतं. तरीही मला हाच सर्वांत खरा लाभ वाटतो, कारण तो पुढच्या पिढीच्या कमाईत उतरतो. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर महिना साडेअकरा पौंडांच्या बडोदा शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीने श्रीमंतांवरच्या करांचा धडाका लावला. १९५३ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर आला, १९५७ मध्ये संपत्ती कर. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात.

वस्तूंवरचा कर मात्र सगळ्यांनाच लागतो. खाद्यतेलावर ५ टक्के जीएसटी आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात पोळ्या लाटून देणाऱ्या बाईच्या तेलाच्या पुड्यावर आणि तिथल्याच अलकापुरीतल्या बंगल्यातल्या पुड्यावर सारखाच. फरक एवढाच, की तिच्या कमाईतला मोठा हिस्सा स्वयंपाकघरातच जातो.

तिचं पारडं सावरतं ते रेशनने. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. पाच माणसांचे २५ किलो. किलोला ३० रुपये धरले तरी महिन्याला ७५० रुपये वाचतात. मुलं सरकारी शाळेत असतील तर दुपारचं जेवणही तिथेच. गुजरातने ही योजना १९८४ मध्येच सुरू केली होती.

वृद्धांच्या पेन्शनची गोष्ट मात्र संताप आणणारी आहे. राज्य आपली भर घालतं, पण ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, आणि तो जवळपास दोन दशकं एका रुपयानेही वाढलेला नाही.