तॉर्वबाइर

आइसलँडमधील पारंपरिक शेतघर. लाकडी सांगाड्याभोवती, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून ते बांधीत. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या नॉर्स वसाहतकारांनी ही पद्धत सोबत आणली असावी. बर्चची राने विरळ झाल्यावर लाकूड नॉर्वेतून येई, नाहीतर समुद्राने किनाऱ्याला लावलेल्या ओंडक्यांवर भागवावे लागे.

ढेपा पाणथळ कुरणातून काढीत. तेथील मातीत मुळांचे जाळे दाट असते. पाचरीच्या आकाराच्या ढेपा (क्लम्ब्रुह्नॉइस) एका थरात एका अंगाला, तर वरच्या थरात उलट अंगाला कलत्या बसवीत आणि मध्ये लांब पट्टी घालीत. त्यामुळे भिंतीवर माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. छपराचा उतार कमी पडला तर पाणी गळते, फार झाला तर कोरड्या दिवसांत माती तडकते.

भिंती काही दशकांनी नव्याने रचाव्या लागत असल्याने घराचे वय सांगणे अवघड जाते. उत्तरेकडील स्कागाफ्यर्दुर भागात ग्लॉइम्बाइर येथे अकराव्या शतकापासून वस्ती असली, तरी उभ्या घराचे सर्वांत जुने भाग अठराव्या शतकाच्या मध्यापलीकडे जात नाहीत. त्यातील बादस्तोवा (झोपण्याची व कामाची सामाईक खोली) १८७६ ची आहे. जवळचे विदिमिरीचे ढेपांचे चर्च १८३४ मधील आहे.

बादस्तोवा या शब्दाचा शब्दशः अर्थ मात्र ‘स्नानाची खोली’. सरपण दुर्मिळ झाल्यावर कुटुंब घरातील एकमेव उबदार खोलीत, म्हणजे बाष्पस्नानाच्या जागी, राहायला गेले व नाव टिकले, असे पूर्वापार मानले जाते. दक्षिणेतील ग्रोव्ह येथील, १३६२ च्या ज्वालामुखी उद्रेकात गाडल्या गेलेल्या घरात मागील बाजूस दगडी भट्टीची खोली सापडल्याने या मताला काहीसा आधार मिळतो. तथापि पुढील काळात बादस्तोवेत बहुधा भट्टी नसेच. ऊब माणसांच्या अंगाची, क्वचित खाली बांधलेल्या जनावरांची. तेव्हा उबेसाठी झालेल्या स्थलांतरापेक्षा खोलीचा उपयोग हळूहळू बदलत गेला असणे अधिक संभाव्य वाटते. मार्गिकेभोवती खोल्या असलेली रचना (गांगाबाइर) थंडीमुळे आली की कुटुंबरचना बदलल्यामुळे, याबाबतही एकमत नाही.

किनाऱ्यावरील बंदरांची वास्तू निराळी. हॉफ्सोस येथील ओंडक्यांचे कोठार (१७७७) आइसलँडच्या व्यापारावरील डॅनिश मक्तेदारीच्या (१६०२–१७८७) अखेरच्या काळातील आहे. सिग्लुफ्यर्दुरला १९०३ मध्ये नॉर्वेजियनांनी हेरिंग मासेमारी सुरू केली. धक्क्यावर स्त्रिया मासे साफ करून पिंपात मिठाचे थर देत; मजुरी पिंपामागे मिळे. १९६० च्या दशकाअखेर हेरिंग नाहीसा झाला. नॉर्वेजियनांनी १९०७ मध्ये बांधलेली खारवणीची इमारत आता तेथील हेरिंग संग्रहालयात आहे.