स्लॅशर व छोटा ट्रॅक्टर : रुंदी आणि शक्तीचा मेळ

स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर (इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारे, आडव्या फिरणाऱ्या पात्यांनी गवत व झुडपे तोडणारे अवजार. रोटरी कटर हे त्याचेच दुसरे नाव. रोटाव्हेटरशी त्याची गल्लत करू नये. रोटाव्हेटर माती उकरतो, तर स्लॅशरची पाती जमिनीपासून काही बोटे वर राहतात. नागपूर जिल्ह्यातील संत्रा बागांत १५ ते २८ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर चालतात. अशा ट्रॅक्टरला किती फुटी स्लॅशर जोडावा, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

उगम : आडवे पाते फिरवून गवत तोडण्याची कल्पना जुनी असली, तरी ट्रॅक्टरमागे जोडायचा स्लॅशर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रूढ झाला. त्याच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. इलिनॉय राज्यातील ओरेगन या गावी वुड बंधूंनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या ‘वुड्स’ कंपनीकडे एक परंपरा हे श्रेय देते. दुसरी परंपरा अलाबामातील सेल्मा येथे १९५१ मध्ये निघालेल्या ‘बुश हॉग’ला पुढे करते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात आजही कोणत्याही कंपनीच्या स्लॅशरला बुश हॉग म्हणतात, त्यामुळे दुसऱ्या परंपरेला नुसत्या नावानेच बळ मिळाले. मात्र नाव रुळणे आणि यंत्र आधी बनणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कालक्रम पाहता वुड बंधूंचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. ‘स्लॅशर’ हा शब्द ऑस्ट्रेलियातही याच यंत्रासाठी वापरतात. हे अवजार घडण्यापूर्वी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. एक म्हणजे अवजार ट्रॅक्टरमागे अडकवण्याची हॅरी फर्ग्युसन यांची तीन सांध्यांची जोडणी (पेटंट १९२६). दुसरी म्हणजे पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांवर प्रमाणित होणे. जोडणीचे भारतीय मानक आयएस ४४६८ असून पीटीओचे आयएस ४९३१ आहे.

रचना व पात्यांचा वेग : पीटीओच्या ५४० फेऱ्या गिअरबॉक्समध्ये वाढवून उभ्या दांड्याला दिल्या जातात. दांड्याच्या टोकाशी असलेल्या जाड तव्याला पाती बोल्टने सैल अडकवलेली असतात. त्यामुळे दगड किंवा खुंट लागला की पाते मागे वळते. चार फुटी स्लॅशरमध्ये गिअरचे गुणोत्तर १ : १.९ धरले, तर पाती मिनिटाला सुमारे १,०२५ फेऱ्या घेतात आणि त्यांच्या टोकांचा वेग सेकंदाला ६५ मीटरच्या आसपास जातो. पाच फुटीत १ : १.५ गुणोत्तरानेही जवळपास हाच वेग मिळतो. म्हणजे रुंदी वाढली की फेऱ्या कमी होतात, टोकाचा वेग मात्र तसाच ठेवला जातो. म्हणूनच एका मापाचा गिअरबॉक्स काढून दुसऱ्या मापाच्या सांगाड्यावर बसवणे धोक्याचे आहे. काही छोट्या ट्रॅक्टरांत ७५० किंवा १,००० फेऱ्यांचा दुसरा पीटीओ वेग असतो. ५४० च्या स्लॅशरला तो कधीही लावू नये. १,००० फेऱ्यांवर टोकाचा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत चढतो आणि तुटलेले पाते किंवा उडालेला खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो. बागेत माणसे काम करत असताना हा विचार सर्वांत आधी करावा.

उलट डिझेल वाचवण्यासाठी इंजिन पाऊण वेगावर ठेवले, तर पात्यातील ऊर्जा निम्म्याहून थोडीच अधिक उरते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते. मग गवत तुटण्याऐवजी झोडपले जाते.

अश्वशक्ती कोणती धरावी : मेळ बिघडण्याचे मूळ बहुधा येथेच असते. अश्वशक्तीचे मूळ एकक जेम्स वॉट यांचे, म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड किंवा ७४५.७ वॅट. मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची. हा फरक दीड टक्क्याहून कमी असल्याने शेतात त्याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते इंजिनाची शक्ती आणि पीटीओची शक्ती यांतील फरकाला. बॉनेटवर रंगवलेला आकडा सहसा इंजिनाचा असतो. गिअर, पंप व इतर घटकांत त्यातील साधारण १० ते १५ टक्के खर्च होते. म्हणून १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर १३ च्या आसपास, २४ च्या ट्रॅक्टरवर २० ते २१ आणि २८ च्या ट्रॅक्टरवर सुमारे २४ अश्वशक्ती मिळते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेच्या चाचणी अहवालांत पीटीओची शक्ती स्वतंत्र दिलेली असते. विक्रेत्याच्या पत्रकाऐवजी हा आकडा विचारून घ्यावा.

रुंदीचा ठोकताळा : मध्यम गवताला रुंदीच्या प्रत्येक फुटामागे पीटीओवर ५ अश्वशक्ती, हा सर्वत्र चालणारा हिशेब आहे. हलक्या गवताला ४ पुरतात. निबर झुडपांना ७ किंवा अधिक लागतात. त्यानुसार २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला चार फुटी स्लॅशर नेमका बसतो. २८ च्या ट्रॅक्टरमागे पाच फुटी स्लॅशर सर्रास लावला जातो, पण तो हलक्या गवतापुरताच चालतो. गाजरगवत व तरोटा कंबरेला लागला की इंजिन दबते. दुसऱ्या मताप्रमाणे स्लॅशरने निदान चाकांची रुंदी झाकली पाहिजे, नाहीतर चाकाखाली दबलेले गवत तसेच राहते. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरबाबत ही दोन मते एकमेकांना छेदतात. शक्ती हलक्या गवतात तीन फुटांची असते आणि चाके जवळपास मीटरभर पसरलेली. अशा वेळी तीन फुटीच घ्यावा व पुढच्या फेरीत चाकाची पट्टी झाकावी, हे या नोंदीचे मत आहे. शक्तीची गरज रुंदीबरोबरच चालीवरही अवलंबून असते. खालचा गिअर टाकून थोडी जास्त रुंदी निभावता येते, तरी क्लच व शिअर बोल्ट (जादा भार आला की आधी तुटणारा बोल्ट) यांच्यावरचा ताण उरतोच.

वजन : चार फुटी स्लॅशर दोनशे किलोच्या पुढे जाऊ शकतो. लिफ्टची (अवजार उचलणाऱ्या मागच्या यंत्रणेची) क्षमता सांध्यांच्या ६१० मिलिमीटर मागे मोजतात, पण स्लॅशरचे गुरुत्वमध्य त्याहूनही मागे असू शकते. स्लॅशर उचलताच पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग ऐकेनासे होते. तेव्हा पुढे वजने लावावी लागतात. पीटीओला चालीच्या क्लचपासून वेगळी, स्वतंत्र रचना नसेल, तर ओव्हररनिंग क्लच (शक्ती एकाच दिशेने जाऊ देणारा क्लच) बसवावा. नाहीतर क्लच दाबल्यावरही फिरणारा तवा जड चक्रासारखा ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो.

नागपूर परिसर : काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर येथील बागांत झाडे सहसा ६ × ६ मीटरवर असतात. झाडांचा घेर भरला की मधली मोकळी वाट दोन मीटरच्या आत येते. चार फुटी स्लॅशर तेथून दोन फेऱ्यांत निघतो. ताशी ४ किलोमीटर चालीने त्याचे काम तासाला एकराच्या जवळपास होते. संत्र्याची अन्न शोषणारी मुळे वरच्या थरात असतात. वखर किंवा रोटाव्हेटरने ती तुटली की मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीला वाट मिळते. म्हणून वाटेतले गवत उपटण्यापेक्षा कापून तिथेच पसरवणे चांगले. काळ्या भारी मातीत पावसाळ्यात चाके रुततात आणि चालण्यातच शक्ती जाते. त्यामुळे वापसा आल्याशिवाय पूर्ण रुंदीने चालवू नये. फेरीआधी ठिबकच्या नळ्या आळ्याकडे ओढून घ्याव्यात, कारण पात्यात गुंतलेली नळी दांड्याभोवती गुंडाळली जाते.

कपाशीची पऱ्हाटी वेगळी. तिचे खोड लाकडासारखे असल्याने त्यासाठी श्रेडर (खोडांचे बारीक तुकडे करणारे यंत्र) व मोठा ट्रॅक्टर लागतो. छोट्या ट्रॅक्टरचा स्लॅशर तीत घालू नये.