खिडकीच्या चौकटीवरच पडद्याची दांडी बसवायची असेल तर

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलं आहे.)

“भिंतीला भोक नको, चौकटीवरच बसवून द्या,” असं सांगणारी गिऱ्हाइकं हल्ली बरीच येतात. कारणं साधारण तीनच असतात. घर भाड्याचं असतं आणि भिंतीला ड्रिल लावायचं नाही असं मालकांनी बजावलेलं असतं. नाहीतर घर जुनं असतं, बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्लीतलं किंवा खानापूरकडचं. भिंत मातीची किंवा जांभ्याची, भोक पाडायला गेलं की ड्रिलपाठोपाठ मूठभर गिलावा खाली येतो आणि प्लग आत नुसता फिरत राहतो. तिसरं कारण नव्या बांधकामातलं. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटची लिंटल असते आणि घरातलं साधं ड्रिल तिच्यापुढे हात टेकतं.

तिन्ही कारणं रास्त आहेत. पण चौकटीवरची दांडी प्रत्येक खिडकीला जमत नाही. एकदा मापाने कापलेली दांडी आम्हाला परत घेता येत नाही, म्हणून पैसे देण्याआधी एवढं वाचून घ्या.

आधी झडप कुठे उघडते ते बघा

चौकट, लाकूड, स्क्रू हे सगळं नंतर. खिडकीची झडप बाहेर उघडत असेल तर पुढचं वाचा. आत, म्हणजे खोलीत उघडत असेल तर चौकटीच्या वरच्या पट्टीवर दांडी बसवण्यात अर्थ नाही. झडप उघडताना ब्रॅकेटला किंवा दांडीला अडते, आणि अडली नाही तरी पडदा झडपेत सापडतो. जुन्या वाड्यांमध्ये आणि कॅम्पातल्या बंगल्यांमध्ये आत उघडणाऱ्या झडपा अजून दिसतात. तिथे दांडी चौकटीच्या वर, भिंतीतच घ्यावी लागते.

अशा जुन्या खिडक्यांना बऱ्याचदा वर वेगळा झरोका असतो आणि झरोका व खिडकी यांच्यामध्ये एक आडवी लाकडी पट्टी असते. झडपा बाहेर उघडत असतील तर दांडी वरच्या टोकाला न लावता या मधल्या पट्टीवर लावा. झरोका उघडा राहतो, खोलीत दिवसा दिवा लागत नाही आणि वारा येतो. आम्हाला स्वतःला ही रचना सगळ्यात आवडते, पण लोकांना पडदा वरपासूनच हवा असतो. असो, घर तुमचं.

झडप बाहेर उघडणारी असली तरी खिट्टी आणि कडी आतच असतात. हाताने पकडायची मूठ चौकटीच्या किती पुढे येते ते पट्टीने मोजा. ब्रॅकेट तिच्यापेक्षा निदान एक इंच पुढे यायला हवं. नाहीतर पडदा रोज मुठीवर घासतो आणि त्याच जागी विरतो.

चौकट कशाची आहे

लाकडी चौकट असेल तर काम सोपं. आपल्याकडे जुन्या घरांत सागवान, मत्ती (ऐन) आणि होन्ने (बिबळा) यांच्या चौकटी असतात. तिन्ही लाकडं स्क्रू घट्ट धरतात. लाकडात प्लग घालावा लागत नाही, हॅमर ड्रिलही लागत नाही.

फक्त वाळवी लागली आहे का ते तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट टकटक वाजवत जा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला किंवा टोक दाबल्यावर रंगाच्या पापुद्र्याखाली आत घुसलं तर तिथे दांडी टिकणार नाही. ऑइल पेंटचे तीन-चार थर असलेली चौकट बाहेरून धडधाकट दिसते, आत भुसा झालेला असतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, जिथे पावसाचं पाणी मुरतं, तिथे हे जास्त. वरची पट्टी बहुधा शाबूत असते, तरी वाजवून बघाच.

जुन्या पद्धतीची लोखंडी खिडकी असेल तर पत्र्याला किंवा अँगलला भोक पाडता येतं. आधी पंचने खूण करायची, थेंबभर तेल सोडायचं, लोखंडाचंच बिट वापरायचं. भोकाच्या कडेला लगेच रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) लावा. हे विसरलात तर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ओघळ पडद्यावर येईल.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला आम्ही शक्यतो नाही म्हणतो. पट्टीचा पत्रा पातळ असतो, स्क्रूला धरायला जाडी मिळत नाही आणि पडदा रोज ओढून ओढून तो सैल होतो. शिवाय त्या पट्टीच्या आतच झडपेची खाच असते. समोरून मारलेल्या स्क्रूचं टोक आत निघतं आणि खोलीच्या बाजूची झडप, बहुतेक वेळा डासांच्या जाळीची, तिथे अडकून बसते. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडकीचं तर बघूच नका. आतून ती पोकळ कप्प्यांची असते, भोकातून पाणी आत जातं, आणि वॉरंटीही जाऊ शकते. कागद काढून वाचा.

ग्रॅनाइटच्या चौकटीबद्दल खास विचारणा होते, कारण नव्या घरांत आता चारी बाजूंनी ग्रॅनाइटच लावतात. दगडाची कड जवळ असताना हॅमर ड्रिल लावलं की टवका उडतो आणि तो कुठल्याही पुट्टीने लपत नाही. हॅमर बंद ठेवून, हिऱ्याच्या बिटने, पाणी सोडत भोक पाडता येतं. पण त्यासाठी हात सरावलेला लागतो, आणि हे काम आमचे मेस्त्री आधी चौकट बघूनच घेतात. एवढं करण्यापेक्षा दांडी छताला टांगणं सोपं आणि जास्त शोभतं.

यापुढचं सगळं लाकडी चौकटीबद्दल.

माप आणि ब्रॅकेट

गिलावा झाल्यावर चौकटीची पट्टी समोरून जेमतेम दोन-अडीच इंच दिसते. त्यातही झडपेच्या खाचेजवळ स्क्रू मारता येत नाही, कडेपासून अर्धा इंच सोडावा लागतो. म्हणून दुकानात मांडलेली गोल, फुलाफुलांची, मोठ्या बुडाची ब्रॅकेटं चौकटीवर बसत नाहीत. अर्धं बूड चौकटीवर, अर्धं भिंतीवर, आणि मध्ये फट. चौकटीसाठी अरुंद पट्टीचं, दोन स्क्रू एकाखाली एक येणारं ब्रॅकेट घ्या. दिसायला साधं असतं, पण पडदा लावल्यावर ते दिसतच नाही.

माप चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्या. ब्रॅकेट दोन्ही कोपऱ्यांपासून दोन-दोन इंच आत. कोपऱ्यात उभी आणि आडवी पट्टी सालीच्या जोडाने (एकीच्या खाचेत दुसरीचं टोक) बसवलेली असते, तिथे स्क्रू घुसवला तर जोडच तडकतो. दांडी चौकटीइतकीच कापून घ्या आणि टोकांना लट्टू हवे असतील तर शेजारी कपाट किंवा कोपरा नाही ना हे बघा. लट्टू प्रत्येक बाजूला दोन-तीन इंच खातो. जागा नसेल तर चपटी टोपी लावून देतो.

एक इंची दांडी पाच फुटांपर्यंत मधल्या आधाराशिवाय चालते, पाऊण इंची चार फुटांपर्यंत. त्यापुढे मध्ये तिसरं ब्रॅकेट घ्याच. रिंगांचे दोन पडदे असतील तर मधल्या ब्रॅकेटचा त्रास नाही, एक पडदा इकडे आणि एक तिकडे. अख्खा एकच पडदा हवा असेल तर मात्र तो तिथे अडतो.

आता एक गोष्ट जी ब्रॅकेट विकणारे सांगत नाहीत. भिंतीवरच्या दांडीला आपण दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच जास्त लांबी देतो, म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर गोळा होतो आणि काच मोकळी राहते. चौकटीवरच्या दांडीला ही सोय नाही. चार फुटी खिडकीवर दोन्ही बाजूंना पडद्याचा सहा-सात इंचांचा गोळा काचेवरच बसतो. म्हणून इथे कापड हलकं निवडा आणि चुण्या कमी ठेवा, चौकटीच्या रुंदीच्या दीडपट कापड पुरे. दुप्पट-अडीचपट चुण्यांचा जाड पडदा इथे घेऊ नका, आम्हाला जास्त कापड विकायला आवडलं असतं तरी. आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की पडदा चौकटीच्या कडेलाच संपतो, त्यामुळे बाजूने उजेड येणारच.

बसवताना

आमच्याकडून बसवून घेतलंत तर हे वाचायची गरज नाही. घरी स्वतः करणाऱ्यांसाठी लिहितो.

पेन्सिलने खुणा करा. पाणसळ लावायची ती दोन खुणा एका रेषेत आहेत का बघण्यापुरतीच. जुनी चौकट स्वतःच एका बाजूला कललेली असेल, तर दांडी पाण्याच्या पातळीत न लावता चौकटीच्या कडेला समांतर लावा. डोळ्याला दांडी आणि चौकट यांमधली फट दिसते. पाणसळीत अचूक बसलेली दांडी कललेल्या चौकटीवर वाकडीच वाटते.

भोक आधी पाडायचं. मत्ती आणि होन्नेमध्ये भोक न पाडता स्क्रू रेटला तर एकतर लाकूड चिरतं, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून राहतं. आठ नंबरच्या स्क्रूला ३ मिमीचं भोक, सहा नंबरला अडीच मिमीचं. ड्रिल नसेल तर गिरमिटानेही होतं, मनगटाला जरा व्यायाम. स्क्रू सवा इंच लांबीचा पुरतो. भोक त्याच्या लांबीपेक्षा किंचित कमी खोल ठेवा, त्यासाठी बिटला योग्य जागी चिकटपट्टी गुंडाळा. स्क्रूच्या आट्यांवर साबणाची वडी किंवा मेणबत्ती घासा, तो लोण्यात सुरी जावी तसा जातो.

पितळी स्क्रू हवे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी घाला. पितळ मऊ असतं, थेट दाबलं की डोकं सोलपटतं. साधे लोखंडी स्क्रू मात्र कायमचे ठेवू नका. ओलसर लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) लोखंड मिळालं की भोकाभोवती काळा डाग पसरतो. जांबोटी, कणकुंबी, खानापूरच्या रानाकडच्या घरांत हा डाग वर्षभरात दिसतो. त्या बाजूच्या गिऱ्हाइकांना आम्ही स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू देतो. अथणी-चिकोडीकडे हवा कोरडी, तिथे पॉलिश केलेले साधे स्क्रूही बरीच वर्षं काढतात.

आणखी एक. उन्हाळ्यात बसवत असाल तर ब्रॅकेट आणि झडप यांत अर्धा इंच तरी मोकळा सोडा. आषाढात लाकूड फुगतं, झडपा घट्ट होतात. मार्चमध्ये कागदाएवढी फट ठेवून बसवलेलं ब्रॅकेट जुलैमध्ये झडपेवर घासायला लागतं.

चौकटीच्या आत बसणारी दांडी

स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या छोट्या खिडकीला समोरून ब्रॅकेट न लावता, दोन उभ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला वाट्या लावून त्यांत दांडी बसवता येते. गज आणि चौकटीची पुढची कड यांत दीड इंच जागा हवी. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, पण दांडी जिथे बसणार तिथल्या मापाला २-३ मिमी कमी कापून घ्या.

अर्ध्या पडद्याला जुनी स्प्रिंगची तार आणि दोन हुक अजूनही उत्तम. स्वस्त आहे, धुवायला पडदा पटकन निघतो. चिकटवायचे हुक मात्र ऑइल पेंटवर लावू नका. पावसाळ्यात पडदा, हुक आणि रंगाचा पापुद्रा असे तिघेही एकदम खाली येतात.

ओल्या कपड्यांबद्दल

सुती पडद्याच्या एका जोडीचं वजन साधारण किलोभर, कधी त्याहूनही कमी. तेवढं दोन स्क्रूंच्या ब्रॅकेटला काहीच नाही. पण बेळगावच्या पावसात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, आणि मग चादरी, जीन्स, टॉवेल सगळं पडद्याच्या दांडीवर चढतं. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाकलेल्या दांड्यांचं हे सगळ्यात मोठं कारण. दांडीला हे वजन सोसायचं असेल तर आधीच सांगा, जाड पत्र्याची दांडी आणि मधलं ब्रॅकेट देतो. आमची वर्षभराची मोफत दुरुस्ती पडद्यासाठी आहे, ओल्या चादरीसाठी नाही.

भाड्याचं घर सोडताना

ब्रॅकेट काढल्यावर प्रत्येकाची दोन छोटी भोकं राहतात. लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भोकात दाबा, थोडा उंचवटा राहू द्या, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासा आणि चौकटीच्या रंगाचा एक हात मारा. तरीही बसवण्याआधी घरमालकांना एकदा विचारा. चौकटही भिंतीइतकीच त्यांची असते.

दुकानात येताना

खिडकीचा मोबाईलवर समोरून एक फोटो आणि झडप उघडी असतानाचा एक फोटो आणा. चौकटीची बाहेरची रुंदी, समोरून दिसणाऱ्या पट्टीची रुंदी आणि कडी किती पुढे येते, एवढी तीन मापं कागदावर लिहून आणा, फूट-इंचात चालतील. मोजायला जमत नसेल तर बेळगाव शहरात आमचा माणूस येऊन माप घेतो, त्याचे पैसे नाहीत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे एकाच भागातली दोन-तीन घरं जमली की जातो, त्यामुळे त्या बाजूला चार-सहा दिवस थांबावं लागतं. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र कुठेही लगेच येणं होत नाही, तेव्हा माप श्रावणाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवा.